विश्लेषण : वय उतरणीला, हातात नकाराधिकार... बेसबॉलमधील अशा ताऱ्याचा सौदा करायचा कसा?

डिसेंबर २०२४ मध्ये सेंट लुईस कार्डिनल्स आणि ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज या अमेरिकी बेसबॉल संघांमध्ये एक सौदा जवळपास ठरला होता. सेंट लुईसचा ३३ वर्षांचा नामवंत थर्ड बेसमन नोलन अरेनाडो ह्यूस्टनला जाणार होता. दोन्ही संघ तयार होते. अरेनाडोने मात्र नकार दिला आणि सौदा तिथेच संपला. त्याच्या करारात ‘नो-ट्रेड क्लॉज’ म्हणजे संमतीशिवाय दुसऱ्या संघाकडे न पाठवण्याची अट होती. तेरा महिन्यांनी, जानेवारी २०२६ मध्ये तो अ‍ॅरिझोना डायमंडबॅक्सकडे गेला. त्याला घालवण्यासाठी सेंट लुईसलाच ३.१ कोटी डॉलर मोजावे लागले. वय वाढत चाललेला तारा, मोठा करार आणि खेळाडूच्या हातातला नकाराधिकार, हा तिढा बेसबॉलमध्ये दरवर्षी कुठे ना कुठे उभा राहतो. अशा वेळी खेळाडूला ‘अडून बसला’ म्हणून दोष देणे योग्य आहे का?

बेसबॉलमध्ये ‘ट्रेड’ म्हणजे नेमके काय?

मेजर लीग बेसबॉल अर्थात एमएलबीमध्ये ३० संघ आहेत. एक संघ आपल्या खेळाडूचा करार दुसऱ्या संघाकडे सोपवतो आणि बदल्यात दुसरे खेळाडू, रक्कम किंवा दोन्ही घेतो. याला ट्रेड म्हणतात. करार तोच राहतो, पगार तोच राहतो, फक्त मालक बदलतो. बहुसंख्य खेळाडूंना याबाबत विचारले जात नाही. सकाळी एका शहरात सराव करणारा खेळाडू संध्याकाळी दुसऱ्या शहराच्या विमानात असतो. घर आणि मुलांची शाळा यांची व्यवस्था त्याने नंतर लावायची.

भारतीय वाचकाला हे थोडे वेगळे वाटेल. आयपीएलमध्येही ट्रेड होतात, पण तिथे खेळाडूची संमती लागते. नोव्हेंबर २०२५ मध्ये ३६ वर्षांचा रवींद्र जडेजा चेन्नई सोडून राजस्थानकडे गेला आणि संजू सॅमसन चेन्नईत आला, तेव्हा दोघांच्याही होकाराशिवाय तो व्यवहार पुढे सरकला नसता. बेसबॉलमध्ये नियम उलटा आहे. संमती लागत नाही, हा तिथला सर्वसाधारण नियम आणि संमती लागणे हा अपवाद.

नकाराधिकार मिळतो कसा?

दोन मार्गांनी. पहिला मार्ग वैयक्तिक कराराचा. खेळाडू मुक्त झाल्यावर किंवा करार वाढवताना तो ही अट लिहून घेतो. काहींची अट संपूर्ण असते, म्हणजे २९ पैकी कोणत्याही संघाला तो नाही म्हणू शकतो. काहींची मर्यादित असते. त्यात खेळाडू ठरावीक संघांची यादी देतो आणि त्या यादीपुरताच नकार चालतो.

दुसरा मार्ग सेवाकाळाचा. खेळाडूंची संघटना आणि संघमालक यांच्यातील सामूहिक करारानुसार मोठ्या लीगमध्ये १० वर्षे पूर्ण केलेल्या आणि त्यातील शेवटची सलग ५ वर्षे एकाच संघात काढलेल्या खेळाडूला आपोआप नकाराधिकार मिळतो. बेसबॉलमध्ये याला ‘टेन अँड फाईव्ह’ हक्क म्हणतात. हंगामातले १७२ दिवस मोठ्या लीगच्या नोंदीत असले की एक वर्षाची सेवा धरली जाते. ऐकायला सोपे वाटते, पण दहा वर्षांपर्यंत टिकणारे खेळाडू फार थोडे. त्यातही पाच वर्षे एकाच संघात काढणारे त्याहून कमी. त्यामुळे हा हक्क प्रामुख्याने ताऱ्यांच्याच वाट्याला येतो आणि तोही वय उतरणीला लागल्यावर.

या हक्कामागचा इतिहास काय?

ऑक्टोबर १९६९ मध्ये सेंट लुईसने आपला सेंटर फिल्डर कर्ट फ्लड याला फिलाडेल्फियाकडे पाठवले. फ्लड तेव्हा ३१ वर्षांचा होता. सेंट लुईससाठी तो १२ हंगाम खेळला होता आणि सलग सात वर्षे त्याने उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार मिळवला होता. त्याने जाण्यास नकार दिला. आपण खरेदी-विक्रीची वस्तू नाही, असे त्याने लीगचे आयुक्त बोवी कुन यांना पत्राने कळवले आणि तो न्यायालयात गेला. त्या काळी ‘रिझर्व्ह क्लॉज’मुळे खेळाडू जवळपास कायमचा संघाच्या ताब्यात असे. करार संपला तरी तो दुसरीकडे जाऊ शकत नसे.

जून १९७२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी फ्लडच्या विरोधात निकाल दिला. १९७० चा पूर्ण हंगाम त्याने गमावला होता आणि १९७१ मध्ये मोजके सामने खेळून त्याची कारकीर्द संपली. पण वातावरण बदलले होते. १९७३ च्या सामूहिक करारात ‘टेन अँड फाईव्ह’ हक्क आला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शिकागो कब्जच्या रॉन सँटोने तो पहिल्यांदा वापरला. त्याने कॅलिफोर्निया एंजल्सकडे जाण्यास नकार दिला आणि नंतर स्वतःच्या संमतीने शिकागोतल्याच व्हाईट सॉक्सकडे गेला. १९७५ मध्ये लवादाच्या निर्णयाने रिझर्व्ह क्लॉजही मोडीत निघाला.

हा नियम चार वर्षे आधी असता, तर १२ वर्षे एकाच संघात काढलेल्या फ्लडला न्यायालयात जावेच लागले नसते. आजचे तारे ज्या अधिकाराने ‘नाही’ म्हणतात, त्याची किंमत एका खेळाडूने स्वतःची कारकीर्द देऊन मोजली आहे.

संघ अशी अट मान्यच का करतात?

कारण ती त्यांना स्वस्त पडते. निदान सही करताना तरी तसे वाटते. ताऱ्याला आपल्याकडे ओढण्यासाठी पाच संघ रांगेत असतात. आणखी दोन कोटी डॉलर देण्यापेक्षा ‘तुला तुझ्या मर्जीशिवाय हलवणार नाही’ असे लिहून देणे मालकाला सोपे जाते. खेळाडूलाही स्थैर्याचे मोल असते. म्हणजे ही अट पगाराचाच एक भाग आहे, फक्त ती डॉलरमध्ये दिलेली नाही.

अडचण पाच-सहा वर्षांनी येते. फलंदाजाचा सर्वोत्तम काळ साधारण विशीच्या उत्तरार्धात असतो. तिशी ओलांडली की वेग आणि बॅट फिरवण्याची चपळाई कमी होते, दुखापती वाढतात. करार मात्र ३७-३८ वर्षांपर्यंतचा असतो. अमेरिकी फुटबॉलमध्ये अनेक करार अर्ध्यावर तोडता येतात. बेसबॉलमध्ये करारातील रक्कम हमीची असते. खेळाडू बाकावर बसला, तरी पैसे द्यावेच लागतात.

मग सौद्याचे गणित कसे बिघडते?

घेणारा संघ दोन गोष्टी बघतो. खेळाडू उरलेल्या वर्षांत किती योगदान देईल आणि त्यासाठी किती पगार द्यावा लागेल. योगदान पगारापेक्षा कमी भरणार असेल, तर फरक कुणीतरी भरून काढावा लागतो. तो बहुतेक वेळा देणारा संघ भरतो. जितका जास्त पगार देणारा संघ स्वतः उचलतो, तितके चांगले तरुण खेळाडू त्याला बदल्यात मिळतात. पैसे देऊन भविष्य विकत घेण्याचाच हा प्रकार आहे.

त्यात नकाराधिकार आला की गिऱ्हाइके कमी होतात. बाजारात दहा खरेदीदार असतील, तर भाव चढतो. खेळाडूने ‘मी फक्त या दोन संघांकडे जाईन’ म्हटले की त्या दोघांना ठाऊक असते की विक्रेत्याकडे दुसरा पर्याय नाही. त्यात जुलैअखेरची मुदत जवळ आली की संघाची गत ‘अडला हरी’ अशी होते. २०१९ पासून हंगामातील ट्रेडसाठी ही एकच मुदत आहे. पूर्वी ऑगस्टमध्येही एक वाट मोकळी असायची, ती आता बंद झाली.

चांगल्या सौद्याची उदाहरणे आहेत का?

आहेत. ३१ ऑगस्ट २०१७ ची रात्र बेसबॉलमध्ये अजून आठवली जाते. डेट्रॉईट टायगर्सचा ३४ वर्षांचा पिचर जस्टिन वरलँडर याने मध्यरात्रीच्या मुदतीला काही क्षण उरले असताना ह्यूस्टनला जाण्यास होकार दिला. त्याच्याकडे ‘टेन अँड फाईव्ह’ हक्क होता. नाही म्हणायला तो मोकळा होता. डेट्रॉईटने पुढील दोन हंगामांसाठी दरवर्षी ८० लाख डॉलर स्वतःकडून देण्याचे मान्य केले आणि बदल्यात तीन तरुण खेळाडू घेतले.

ह्यूस्टनने त्याच वर्षी पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली. प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा चोरल्याच्या प्रकरणाने त्या विजेतेपदावर नंतर डाग लागला, हेही खरे. वरलँडर मात्र म्हातारा झाला नव्हता. २०१९ आणि २०२२ मध्ये त्याने सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार पटकावला. डेट्रॉईटच्या वाट्याला आलेल्या तिघांपैकी जेक रॉजर्स पुढे संघाचा कॅचर झाला, पण ज्याच्यावर सर्वाधिक भिस्त होती तो पिचर फ्रँकलिन पेरेझ दुखापतींमध्ये अडकला. तरुण खेळाडू म्हणजे उद्याची खात्री नव्हे, हा धडा अशा प्रत्येक सौद्यात असतो.

दुसरे उदाहरण २०२३ मधले. तोपर्यंतचा विक्रमी पगारखर्च करूनही न्यूयॉर्क मेट्स अपयशी ठरत होते. ३९ वर्षांच्या मॅक्स शेर्झरने संघाच्या व्यवस्थापनाला थेट विचारले, की पुढच्या वर्षी जिंकण्यासाठी खेळणार आहात का? उत्तर त्याला पटेल असे नव्हते. त्याने आपला नकाराधिकार बाजूला ठेवला आणि टेक्सास रेंजर्सकडे गेला. मेट्सने त्याच्या उरलेल्या पगारापैकी सुमारे ३.५ कोटी डॉलर भरले आणि बदल्यात लुईसअँजेल अकुन्या हा तरुण खेळाडू घेतला. रेंजर्सने त्या वर्षी इतिहासातील पहिले विजेतेपद मिळवले. दोनच दिवसांनी वरलँडरही मेट्स सोडून पुन्हा ह्यूस्टनला गेला. त्याच्याकडेही नकाराधिकार होता.

या तिन्ही सौद्यांत खेळाडूला जिंकण्याची संधी मिळाली, देणाऱ्या संघाने पैशांचा भार उचलला आणि निर्णय खेळाडूला न दुखावता झाला. शेर्झरच्या बाबतीत तर सौद्याचे दार एका सरळ प्रश्नाने आणि त्याच्या सरळ उत्तराने उघडले.

आणि फसलेली उदाहरणे?

अरेनाडोचे प्रकरण पूर्ण फसले असे म्हणता येणार नाही, पण उशीर महागात पडला. फेब्रुवारी २०१९ मध्ये त्याने कोलोरॅडो रॉकीजशी आठ वर्षांचा २६ कोटी डॉलरचा करार केला होता. दोनच वर्षांनी कोलोरॅडोने सुमारे ५ कोटी डॉलर सोबत देऊन त्याला सेंट लुईसकडे पाठवले. तेव्हा त्याने स्वतःहून होकार दिला होता. २०१३ ते २०२२ सलग दहा वर्षे गोल्ड ग्लव्ह मिळवणारा हा खेळाडू डिसेंबर २०२४ मध्ये अजून मोलाचा होता. त्याने ह्यूस्टनला नकार दिल्यावर ह्यूस्टनने वाट पाहिली नाही, ख्रिश्चन वॉकरला करारबद्ध केले. २०२५ चा हंगाम अरेनाडोला खराब गेला. १०७ सामने आणि फक्त १२ होम रन. शेवटी करारात शिल्लक असलेल्या ४.२ कोटी डॉलरपैकी ३.१ कोटी डॉलर सेंट लुईसने भरायचे ठरले आणि हाती आला तो नुकताच ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला एक पिचर.

दुसरी वाट मिगेल कॅब्रेराची. २०१२ मध्ये ४५ वर्षांनी ट्रिपल क्राऊन मिळवणारा हा फलंदाज. मार्च २०१४ मध्ये जुना करार संपायला दोन वर्षे असताना डेट्रॉईटने त्याला २०२३ पर्यंतचा २४.८ कोटी डॉलरचा वाढीव करार दिला. शेवटची काही वर्षे कामगिरी घसरली, करार कुणी घेणे शक्य नव्हते. तो डेट्रॉईटमध्येच राहिला. संघाला फटका बसला. पण २०२१ मध्ये ५०० वा होम रन आणि २०२२ मध्ये ३०००वी हिट त्याने डेट्रॉईटच्याच पोशाखात नोंदवली. ताळेबंदात ही रक्कम तोट्याची दिसेल. शहराच्या हिशेबात ती तशी दिसत नाही.

माईक ट्राऊटचा प्रश्न इतका अवघड का?

लॉस एंजेलिस एंजल्सचा माईक ट्राऊट हा त्याच्या पिढीतला सर्वोत्तम बेसबॉलपटू मानला जातो. २०१४, २०१६ आणि २०१९ मध्ये तो सर्वाधिक मौल्यवान खेळाडू ठरला. २०१९ मध्ये त्याने १२ वर्षांचा ४२.६५ कोटी डॉलरचा करार केला. तो २०३० पर्यंत चालतो आणि त्यात संपूर्ण नो-ट्रेड क्लॉज आहे. ती अट काढून टाकली तरी फरक पडणार नाही. ट्राऊट २०११ पासून एकाच संघात आहे, त्यामुळे ‘टेन अँड फाईव्ह’ हक्क त्याच्याकडे केव्हाच आला आहे.

एवढा मोठा खेळाडू बाद फेरीत फक्त एकदा, २०१४ मध्ये खेळला. तीन सामने, तिन्ही पराभव. त्यानंतर २०२५ पर्यंत एंजल्स बाद फेरीत पोहोचलेच नाहीत. दरम्यान दुखापतींनी त्याला गाठले. २०२१ मध्ये ३६ सामने, २०२३ मध्ये ८२, २०२४ मध्ये २९. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याने ४०० वा होम रन ठोकला, तेव्हा तो ३४ वर्षांचा होता. दर हंगामाला साडेतीन कोटी डॉलरहून अधिक पगार आणि अशी प्रकृती असताना दुसरा संघ पूर्ण भार उचलेल, ही अपेक्षा व्यर्थ आहे. एंजल्सने पगाराचा मोठा वाटा दिला, तरच चांगले तरुण खेळाडू मिळतील. नाही दिला, तर ताराही गेला आणि हाती काहीच नाही.

ट्राऊटने एंजल्सबरोबरच जिंकण्याची इच्छा वेळोवेळी बोलून दाखवली आहे. ही निष्ठा म्हणायची की जिद्द, हे ठरवणे चाहत्यांचे काम नाही. संधी होती ती सहा-सात वर्षांपूर्वी, जेव्हा तो ऐन बहरात होता. तेव्हा एंजल्सने त्याला विकले नाही आणि त्याच्याभोवती जिंकणारा संघही उभा केला नाही. त्या निष्क्रियतेचे खापर आज त्याच्या करारातील एका ओळीवर फोडणे अन्यायाचे आहे.

दोष कुणाचा?

असा सौदा अडला की ‘खेळाडूने संघाला ओलीस धरले’ असा सूर लागतो. तो चुकीचा आहे. अट दोघांच्या सहीने झालेली असते. संघाने तिच्या बदल्यात काहीतरी वाचवलेले असते. पुढे गैरसोय झाली, म्हणून तिला अडथळा म्हणणे म्हणजे कर्ज घेताना आनंद आणि हप्ता भरताना तक्रार. बोलणी सुरू असतानाच बातम्या बाहेर येतात आणि चाहत्यांचा दबाव खेळाडूवर वळतो, तेव्हा प्रकरण अधिकच नासते. विश्वास एकदा तुटला की खेळाडू हो म्हणण्याची शक्यताही कमी होते.

दुसरी बाजूही नाकारता येत नाही. हरणाऱ्या संघात मोठ्या पगाराचा खेळाडू अडकला की तरुणांना जागा मिळत नाही, पुनर्बांधणी लांबते आणि तिकीट काढून येणाऱ्या चाहत्याला वर्षानुवर्षे तोच पराभव पाहावा लागतो. एमएलबीत पगारावर कमाल मर्यादा नाही, पण ठरावीक रकमेवर खर्च गेला की कर लागतो. २०२५ मध्ये ही रेषा २४.१ कोटी डॉलरची होती. एकाच खेळाडूवर त्यातला सातवा हिस्सा जात असेल, तर हात बांधले जातातच. म्हणून नकाराधिकार असलेल्या खेळाडूनेही आपली भूमिका वेळेवर सांगायला हवी. कोणते संघ चालतील, कशाच्या बदल्यात चालतील, की मुळीच जायचे नाही. मुदतीच्या शेवटच्या रात्रीपर्यंत संदिग्धता ठेवण्यात कुणाचेच भले नाही.

पण पहिले पाऊल संघाचेच. दोन वर्षांनी आपण जिंकण्याच्या शर्यतीत असू का, याचे प्रामाणिक उत्तर व्यवस्थापनाला ठाऊक असते. ते खेळाडूला तो ३१-३२ वर्षांचा असतानाच सांगावे. तेव्हा त्याचे मोल असते, खरेदीदार असतात आणि त्यालाही निवड करता येते. ३४ व्या वर्षी, खराब हंगामानंतर सुरू झालेल्या बोलण्यांत उरतो तो फक्त किती नुकसान सोसायचे हा प्रश्न.

पुढे काय?

सध्याचा सामूहिक करार १ डिसेंबर २०२६ रोजी संपतो आहे. पगारावर कमाल मर्यादा आणायची की नाही, यावरून मालक आणि संघटना यांच्यात मोठा संघर्ष होण्याची चिन्हे आहेत. त्या गदारोळात ‘टेन अँड फाईव्ह’सारख्या हक्काकडे फारसे लक्ष जाणार नाही. खरे तर चर्चा व्हायला हवी ती याच्या उलट दिशेने. ट्राऊट किंवा अरेनाडोला नाही म्हणता येते, कारण ते तारे आहेत. सातव्या वर्षी, लहान मुले असताना, एका दुपारी देशाच्या दुसऱ्या टोकाला पाठवल्या जाणाऱ्या सामान्य खेळाडूला तो आवाज नाही. दहा वर्षांची अट आठवर आणली, किंवा प्रत्येक खेळाडूला निदान दोन-तीन संघांची नकारयादी दिली, तरी खेळ कोसळणार नाही. आयपीएलमध्ये संमती घेऊनही ट्रेड होतातच.

ज्येष्ठ ताऱ्याचा निरोप कसा होतो, याकडे ड्रेसिंग रूममधल्या तरुण खेळाडूंचे लक्ष असते. पाच वर्षांनी त्यांच्यापैकी एखाद्याला करार देताना संघ जेव्हा ‘आमच्यावर भरवसा ठेव’ म्हणेल, तेव्हा तो हेच आठवून उत्तर देईल.